डंजनच्या टाइल्स स्वतः छापायच्या आहेत? आधी पट्टी हातात घ्या

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा, टेबलाभोवती बसून एकेका पात्राच्या भूमिकेतून गोष्ट खेळायचा खेळ सुरू केला की थोड्याच दिवसांत टेबलावर एक वाद हमखास होतो. एकजण म्हणतो मी दाराजवळ होतो, दुसरा म्हणतो तू तर खांबामागे लपला होतास, आणि डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, डोक्यात तिसरंच चित्र असतं. गप्पा, चौकशा, प्रवास हे सगळं तोंडी वर्णनावर उत्तम चालतं. मारामारी मात्र पटावर आली की सोपी होते.

पुठ्ठ्याचे तयार संच बहुतेक बाहेरदेशीचे, आणि स्वस्त नसतात. उलट छापून घ्यायच्या टाइल्सच्या, म्हणजे पटाच्या सुट्या तुकड्यांच्या, पीडीएफ ढिगाने मिळतात, काही फुकट, काही थोड्या पैशांत. फाइल उतरवा, प्रिंट द्या, कापा, ऐकायला एवढंच. प्रत्यक्षात नवख्यांचा पहिला संच बऱ्याचदा रद्दीत जातो, आणि तोही ठरलेल्या चार-पाच कारणांनी. ती कारणं खाली क्रमाने येतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा: पटावरचं एक घर एक इंचाचं, निदान त्याच्या अगदी जवळपासचं आलं पाहिजे. कागद, रंग, पुठ्ठा, लॅमिनेशन या सगळ्यात तडजोड चालते. मापात चालत नाही.

एक इंचच का, तर या खेळात एक घर म्हणजे पाच फूट धरतात आणि टेबलावर ते एक इंचाचं काढतात. माणसाएवढा प्राणी एका घरात मावतो. ओगर दोन बाय दोन घरं अडवतो, राक्षसी देहाचे जायंट तीन बाय तीन, आणि जख्ख म्हातारा ड्रॅगन चार बाय चार. साध्या मिनीचा, म्हणजे पटावर उभ्या करायच्या छोट्या बाहुलीचा, गोल बेस (तळ) साधारण २५ मिलिमीटरचा असतो आणि इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणजे बेस घरात जेमतेम बसतो. घर जरा आक्रसलं की मिनी रेघेवर चढते आणि मग पुन्हा तोच वाद: तू या घरात की त्या घरात?

लागणारं सामान

- स्टीलची एक फुटी पट्टी. प्लॅस्टिकची नको, कटर तिला खातो.
- ब्लेड तोडून पुढे सरकवायचा कटर आणि जास्तीची ब्लेडं
- कटिंग मॅट. नसेल तर जाड पुठ्ठा, पण तो लवकर चरे पडून खराब होतो
- प्रिंटर, किंवा डिजिटल प्रिंटिंगचं चांगलं दुकान
- कागद किंवा आर्ट कार्ड (कुठला घ्यायचा ते पुढे येतंय)
- पाठीला लावायचा पुठ्ठा, ग्लू स्टिक किंवा स्टिकर पेपर. हे हवं असेल तरच
- काळा किंवा करडा मार्कर
- संगणकावर एखादा नीट पीडीएफ रीडर. फोनवरून प्रिंट द्यायचा मोह टाळा, कारण फोनवरच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये प्रमाण ठरवायची सोयच नसते.

पुण्यात असाल तर यातलं बहुतेक सगळं अप्पा बळवंत चौकाच्या आसपास एका फेरीत मिळेल. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट.

१. पूर्ण नकाशा हवा की सुट्या टाइल्स?

पूर्ण नकाशा म्हणजे एका ठरावीक जागेचं मोठं चित्र. एकदा खेळून झालं की ते पुन्हा कामाला येणं कठीण. टाइल्स म्हणजे खोल्या, बोळ, वळणं, जिने यांचे सुटे तुकडे. दर खेपेला वेगळे मांडा, वेगळं तळघर तयार. ही युक्ती खेळाइतकीच जुनी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला आणि त्याच दशकात तो काढणारी टीएसआर कंपनी जुळवून मांडायचे नकाशांचे तुकडे विकायला लागली होती.

नवख्यांनी टाइल्सपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. मोठा नकाशा फक्त मोहिमेच्या शेवटच्या मोठ्या लढाईसाठी छापा.

आणि अख्खं डंजन, म्हणजे तळघर, टेबलावर मांडायचा हट्ट धरू नका. तीन बाय चार फुटांचं टेबल म्हणजे ३६ बाय ४८ घरं, खेळातले १८० बाय २४० फूट. ऐकायला भरपूर वाटतं, पण त्यातच खेळाडूंची पत्रकं, फासे, चहाचे कप आणि चिवड्याची वाटी ठेवायची असते. ज्या खोल्यांत मारामारी होणार त्यांच्याच टाइल्स करा. रिकाम्या बोळातून चालत जाण्यासाठी कोणाला पट लागत नाही.

२. फाइल निवडताना

ड्राइव्हथ्रूआरपीजीसारख्या साइटवर टाइल्सचे असंख्य संच आहेत. काहींची किंमत तुम्हीच ठरवायची असते. स्वतः आखायचं असेल तर डंजन स्क्रॉल ब्राउझरमध्येच चालतं आणि चित्र पीएनजी म्हणून उतरवता येतं. नुसता आराखडा हवा असेल तर डॉनजॉन ही साइट एका क्लिकवर अख्खं तळघर काढून देतं, मग त्यात तुमच्या टाइल्स बसवा.

चकचकीत चित्रं बघून भुलू नका. या चार गोष्टी तपासा.

शाई. शेवाळलेला काळपट दगड, मशालीचा नारिंगी उजेड हे पडद्यावर झकास दिसतं. कागदावर ते पानभर गच्च शाई पितं, कागद ओला होऊन लहरतो, आणि निम्मा तपशील काळ्यात बुडतो. पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो. फिक्या फरशीच्या टाइल्स घ्या. किंवा सरळ काळ्या-पांढऱ्या रेघांची चित्रं घ्या, ज्यात फरशी पांढरी आणि भोवतीचा खडक तिरप्या बारीक रेघांनी भरलेला असतो. ती करड्या किंवा फिक्या तपकिरी कागदावर छापली की रंगीत छपाईची उणीव जाणवत नाही आणि खर्च कितीतरी कमी.

भिंती. ज्या टाइल्सच्या कडेला भिंत छापलेली असते त्या फक्त ठरलेल्या जागीच जुळतात. फरशी थेट कडेपर्यंत असली की कुठलाही बोळ कुठेही लावता येतो. टाइल संपली तिथे भिंत, असं टेबलावर सगळ्यांना सांगून टाकायचं. सुरुवातीला अशाच घ्या.

बोळाची रुंदी. एका घराच्या बोळात सगळे रांगेत उभे राहतात, पुढचा एकटा लढतो आणि मागचे फोन काढतात. दोन घरांचे बोळ निवडा.

परवाना. पीडीएफच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर तो लिहिलेला असतो. स्वतःच्या खेळासाठी छापायची मुभा साधारणपणे असते. छापून विकायची किंवा फाइल गटात वाटायची नसते. स्वतःसाठी छापायची परवानगी देणारं पान दुकानात दाखवायची वेळ येऊ शकते, म्हणून ते फोनमध्ये ठेवा.

३. चित्र छापण्याइतकं मोठं आहे का?

पीडीएफ असेल तर ही पायरी सोडा. पीएनजी किंवा जेपीजी असेल तर एक भागाकार करा: चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये, भागिले रुंदीतली घरं. जो आकडा येईल तितके पिक्सेल एका इंचात छापले जाणार.

ऑनलाइन खेळण्यासाठी केलेले नकाशे इथेच फसवतात. रोल२० या ऑनलाइन खेळायच्या साइटवर एक घर मुळात ७० पिक्सेलचं धरलेलं आहे. पडद्यावर ते पुरतं, पण इंचभर कागदावर ७० ठिपके म्हणजे धुरकट चित्र. १४० ते १५० असतील तर हरकत नाही, टेबलावरचा पट आपण हातभर अंतरावरूनच बघतो. ३०० असतील तर उत्तम. कमी असतील तर दुसरं चित्र शोधा. प्रोग्रॅममध्ये आकडा वाढवून नसलेला तपशील येत नाही.

आता या आकड्याचा दुसरा उपयोग. गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये चित्र उघडा, इमेज मेनूत प्रिंट साइझ आहे, तिथे एक्स आणि वाय रेझोल्यूशनमध्ये हाच आकडा घाला. १५० पिक्सेलचं घर असेल तर १५०. झालं, चित्राला आता स्वतःचं इंचातलं माप आलं. हे केलं नाही तर काय होतं? ३,००० पिक्सेल रुंदीचं, दहा घरांचं चित्र दुकानातला प्रोग्रॅम ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) धरून उघडतो आणि ते ४१ इंचांहून रुंद दिसतं. ऑपरेटर त्याच्या सवयीप्रमाणे कोपरा धरून ते कागदात बसवतो. तुमच्या इंचाचं जे व्हायचं ते तिथेच होतं.

मोठा नकाशा ए४ पानांत तोडून छापायचा असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंटच्या खिडकीत पोस्टर नावाचा पर्याय आहे. टाइल स्केल १०० ठेवा, ओव्हरलॅप थोडा वाढवा म्हणजे चिकटवायला कड मिळते, आणि कट मार्क्स चालू करा.

४. लेटर, ए४ आणि गुपचूप आक्रसणारं पान

सगळ्यात जास्त कागद इथे वाया जातो, म्हणून हे सावकाश वाचा.

पुष्कळशा टाइल्स अमेरिकेतल्या लोकांसाठी केलेल्या असतात. तिकडचा कागद लेटर आकाराचा, ८.५ बाय ११ इंच. आपला ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, इंचात ८.२७ बाय ११.६९. लांबीला ए४ मोठा, पण रुंदीला सुमारे ६ मिलिमीटरने लहान. शिवाय प्रिंटर पानाच्या कडेला काही मिलिमीटर छापूच शकत नाही. हे दोन्ही धरून प्रिंटचा प्रोग्रॅम तुम्हाला न विचारता पान बसेल इतकं चित्र लहान करतो, साधारण ९३ ते ९७ टक्क्यांच्या दरम्यान. ९४ टक्क्यांवर घर २३.९ मिलिमीटरचं होतं. २५ चा बेस त्यात कसा मावणार?

सगळीच पानं एकाच प्रमाणात लहान झाली तर निदान टाइल्स एकमेकींना जुळतात. खरी गोची होते ती अर्धी पानं घरी, अर्धी दुकानात, किंवा अर्धी या महिन्यात आणि अर्धी पुढच्या महिन्यात छापल्यावर. दोन संच शेजारी ठेवले की दहा घरांत पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो आणि बोळ दाराला जुळतच नाही.

करायचं काय:

पीडीएफ ब्राउझरमधून छापू नका, रीडरमध्ये उघडा. प्रिंटच्या खिडकीत फिट किंवा श्रिंक ओव्हरसाइझ्ड पेजेस असं काही निवडलेलं असेल ते काढून अ‍ॅक्च्युअल साइझ निवडा. मग प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथेही पान बसवण्याचा वेगळा पर्याय लपलेला असतो, तो बंद करा. कागदाचा आकार दोन्हीकडे ए४ आहे ना ते पाहा.

एकच पान साध्या कागदावर काळं-पांढरं काढा आणि मोजा. एक घर मोजू नका, अर्ध्या मिलिमीटरची चूक कळत नाही. आठ घरं एकत्र मोजा: २०३ मिलिमीटर भरली पाहिजेत. पट्टीच्या टोकापासून नव्हे, शून्याच्या रेघेपासून मोजा. बऱ्याच पट्ट्यांचं टोक आणि शून्य एका जागी नसतं.

आठ घरं रुंदीचं पान १०० टक्क्यांवर दिलं तर दोन्ही बाजूंना जेमतेम ३.४ मिलिमीटर उरतात, आणि अनेक प्रिंटर तेवढ्यात कड खातात. तसं झालं तर कस्टम स्केलमध्ये ९८ घाला. घर २४.९ मिलिमीटरचं होतं, आठ घरं १९९ मध्ये बसतात, बेसलाही तक्रार नसते. मात्र मग पुढचा प्रत्येक कागद ९८ नेच छापायचा. हा आकडा टाइल्सच्या डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा, गंमत नाही. सहा महिन्यांनी आठवत नाही.

५. पान स्वतः मांडायचं असेल तर

एका पानावर एकच खोली छापून निम्मं पान कचऱ्यात टाकणं जिवावर येत असेल, तर इंकस्केप किंवा लिबरऑफिस ड्रॉमध्ये स्वतः पान मांडा. एकक मिलिमीटर, ग्रिड २५ चं. ए४ वर रुंदीत ८ आणि लांबीत ११ घरं बसतात: २०० बाय २७५ मिलिमीटर, कडेला पुरेशी जागा सोडून. ९८ टक्क्यांवर छापलेल्या संचाशी याचा फरक आठ घरांत मिलिमीटरभरही पडत नाही, त्यामुळे दोन्ही बिनधास्त मिसळा.

ही ८८ घरं वाया न घालवता अशी वाटता येतात: वर ६×६ ची एक खोली आणि तिच्या शेजारी २×६ चा बोळ, त्याखाली ४×४ च्या दोन खोल्या, तळाच्या एका ओळीत १×२ ची चार दारं. ३६, १२, ३२ आणि ८, बरोबर ८८. शिवाय प्रत्येक काप या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातो, त्यामुळे दुकानातल्या कटिंग मशीनवरही हे पान कापता येतं. अशी दोन-तीन पानं, एखादं वळणांचं आणि जिन्यांचं पान, एवढ्यात नवख्या गटाचं बराच काळ भागतं. खोल्यांची मापं सम आकड्यांत ठेवली की दोन घरांचा बोळ दर खोलीच्या बरोबर मध्यावर येतो.

दारं सुटी ठेवण्यामागे कारण आहे. फरशीवर छापलेलं गुप्त दार गुप्त राहत नाही.

घरांच्या रेघा फिक्या करड्या, अर्धा मिलिमीटरच्या ठेवा. ठळक काळ्या रेघांनी खोलीचा गणिताच्या वहीचा कागद होतो. प्रत्येक पानाच्या एका कोपऱ्यात ५ सेंटिमीटरची बारीक रेघ काढा. छापून आल्यावर तीच आधी मोजायची.

६. कागद कुठला

झेरॉक्सचा ७० किंवा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद नुसताच टेबलावर ठेवायचा तर एक अडचण आहे जी परदेशी लेखांत कोणी सांगत नाही: छतावरचा पंखा. मे महिन्यात पंखा बंद करून खेळायला कोणी तयार होत नाही, आणि पंखा चालू असला की गॉब्लिनसकट बोळ उडतो. म्हणून एकतर कागदाला पाठीला पुठ्ठा द्या, नाहीतर मुळातच जाड कागद घ्या.

माझी पसंती २५० ते ३०० जीएसएमच्या मॅट आर्ट कार्डाला. पुठ्ठा न लावताही ते सपाट बसतं. घरच्या प्रिंटरला मात्र ते झेपेलच असं नाही. पुढच्या ट्रेमधून कागद घेणारा प्रिंटर तो आत वळवतो आणि जाड कार्ड तिथे अडकतं. मागून सरळ कागद घेणारे प्रिंटर जास्त समजूतदार. तुमच्या प्रिंटरची मर्यादा त्याच्या पुस्तिकेत जीएसएममध्ये दिलेली असते, ती बघा. शिवाय चकचकीत आर्ट कार्ड इंकजेटला चालत नाही, शाई वाळत नाही आणि हाताला लागते. ते लेझरसाठीचं असतं.

इंकजेटची साधी शाई पाण्याने पसरते. घामेजल्या हातानेसुद्धा. छापल्यावर निदान रात्रभर वाळू द्या.

दोन्ही बाजूंना वेगवेगळी फरशी छापायची कल्पना छान आहे, पण दोन्ही बाजू मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतातच. सुरुवातीला नको.

७. दुकानात छापून घेताना

रंगीत आणि जाड कागदावर हवं असेल तर दुकानच परवडतं, आणि दर्जाही चांगला मिळतो. कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान नव्हे. व्हिजिटिंग कार्डं, पत्रिका छापणारं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान शोधा. त्यांच्याकडे १२ बाय १८ इंचाची शीट चालते. तिच्यावर कडा सोडून ११ बाय १७ घरं बसतात, म्हणजे १८७. दोन ए४ पानांपेक्षाही जास्त, आणि दर बहुतेक ठिकाणी शीटवर असतो. तेव्हा टाइल्स आधी याच मापाच्या पानावर मांडून न्या.

फाइल पीडीएफच न्या. पेन ड्राइव्हवर नेली तर उत्तम. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की चित्र आक्रसतं.

काउंटरवर हे तीन वाक्यांत सांगा: 'दादा, साइज अजिबात बदलायची नाही. फिट टू पेज नको, १०० टक्के हवं. आधी एकच शीट काढा, मी मोजून सांगतो.' आणि खरंच पट्टी काढून मोजा. आधी विचित्र नजरेने बघतील. काय छापताय असं विचारलं तर 'बोर्ड गेम आहे' एवढं पुरतं. एल्फ आणि ऑर्क यांच्या खोलात गेलात तर मागच्या रांगेतल्या लग्नपत्रिकावाल्यांचा खोळंबा होईल.

लॅमिनेशनबद्दल इथेच ठरवा, कारण ते कापायच्या आधी, अख्ख्या शीटवर झालेलं चांगलं. मॅट लॅमिनेशन दिसायला सुरेख, ट्यूबलाइट त्यात चमकत नाही. पण व्हाइटबोर्ड मार्करने लिहिलेलं त्यावरून नीट पुसलं जात नाही, डाग राहतो. लिहायचं-पुसायचं असेल तर ग्लॉसी. दोन्ही एकत्र मिळत नाही.

आयकार्डासारखं प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून करतात ते लॅमिनेशन टाइल्सना करू नका. कडेला पारदर्शक पट्टी उरते आणि टाइल्स एकमेकींना भिडत नाहीत; पट्टी कापली तर कडेने थर सुटायला लागतात.

८. पाठीला पुठ्ठा

आर्ट कार्डावर छापलं असेल तर ही पायरी ऐच्छिक आहे, आणि खरं सांगायचं तर मी बहुतेक वेळा गाळतो.

करायचंच तर बुकबाइंडिंगचा करडा पुठ्ठा, दीड ते दोन मिलिमीटरचा. तीन मिलिमीटरचं फोम बोर्ड हलकं असतं, पण कोपरे दबतात. सनबोर्ड टिकाऊ, मात्र कापताना मनगट दुखतं. सगळ्या टाइल्सना एकच जाडी ठेवा, नाहीतर दर दोन टाइल्सच्या मध्ये पायरी तयार होते.

फेविकॉल पाण्याचा असतो. तो कागदावर पसरला की कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला वाकवतो. ग्लू स्टिक वापरा. त्याहून सोपं म्हणजे पानभर स्टिकर पेपरवरच छापा आणि पुठ्ठ्यावर चिकटवा. एका कडेपासून सुरू करून मागचा कागद थोडा थोडा सोलत, पट्टीने हवा बाहेर ढकलत पुढे जा. फेविकॉलशिवाय इलाजच नसेल तर पुठ्ठ्याच्या उलट्या बाजूलाही तेवढाच कोरा कागद चिकटवा. दोन्हीकडून सारखा ताण बसला की तो सरळ राहतो. मग रात्रभर जाड पुस्तकांखाली.

आधी चिकटवा, मग कापा. उलटं केलंत तर कडा कधीच जुळणार नाहीत.

९. कापणं

नवीन ब्लेड लावा. बोथट ब्लेड कागद कापत नाही, फाडतं.

पट्टी टाइलच्या भागावर ठेवा, म्हणजे हात घसरला तरी ब्लेड टाकाऊ भागात जाईल. पट्टी दाबणारी बोटं कडेपासून मागे. एका झटक्यात कापायचा प्रयत्न नको. हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. उभ्याने कापलं तर नजर बरोबर रेघेच्या वर राहते. लांब काप आधी, आडवे नंतर. शेजारच्या दोन टाइल्सना सामायिक रेघ असेल तर एकाच कापात दोघींचं काम होतं.

कापल्यावर कडेला पांढरी फट दिसते आणि मांडलेल्या पटावर तीच डोळ्यांत खुपते. करड्या किंवा काळ्या मार्करची बाजू कडेवरून एकदा फिरवा. काम क्षणाचं, फरक मोठा.

पाठीमागे पेन्सिलीने माप लिहा: ६×६, २×६. खेळ चालू असताना टाइल शोधायला हे फार उपयोगी पडतं.

१०. टेबलावर

सनमायका किंवा काचेच्या टेबलावर टाइल्स घसरतात आणि एका कोपराच्या धक्क्याने अख्खं तळघर सरकतं. खाली जाड कापड अंथरा, किंवा ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीदार रबराची शीट. जमिनीवर सतरंजी टाकून खेळत असाल तर हा प्रश्नच येत नाही.

लागणाऱ्या टाइल्स उघडण्याच्या क्रमाने रचून डीएमच्या पडद्यामागे ठेवा. दार उघडलं की खोली मांडा, आधी नाही. मागे राहिलेल्या खोल्या उचलून घ्यायलाही लाजू नका. त्याच ४×४ खोलीचं पुढे शस्त्रागार होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मोठा नकाशा छापला असेल तर न पाहिलेल्या भागावर काळ्या चार्ट पेपरचे तुकडे ठेवून एकेक काढत जा.

११. पावसाळा आणि साठवण

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी ओढतो आणि टाइल्स होडीसारख्या वाकतात. आडव्या ठेवा, वर वजन ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या चालतात. उभ्या फायलीत ठेवलेल्या टाइल्स खालून दुमडतात. मापाप्रमाणे झिपच्या पिशव्या करा आणि सगळ्या पिशव्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वाकलेली टाइल उलट्या बाजूला हाताने वाकवू नका, घडी पडते. दोन दिवस पुस्तकांखाली ठेवा. लॅमिनेशन नसलेल्या टाइल्सवर बुरशीचे ठिपके दिसले तर त्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या काढा आणि तेवढंच पान पुन्हा छापा, झाकणावर लिहिलेल्या टक्क्यांवर.